जिन आणि जीन: नुसते नावाचे सारखे, की एकाच घरचे?

पांढरंसोनं (चोपडा)

एक वाद मिटवायचा आहे, मदत करा.

आमच्याकडे कापूस विकायला जातो ती जिन. बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात असल्याची जाहिरात असते ते जीन. बोलताना दोन्हींत काडीचा फरक नाही आणि लिहिताना जो तो मनाला येईल तसं लिहितो. परिणाम असा, की चांगली जाणती माणसं छातीठोकपणे सांगतात, "बीटीचं जीन जिनमध्येच सरकीत भरतात, म्हणून तर त्याला जीन म्हणतात." पारावर यावर माना डोलावणारेही कमी नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही शब्द इंग्रजीतून आले, एवढंच काय ते साम्य. एक लोखंडाचं धूड, दुसरा पेशीतला डोळ्याला न दिसणारा भाग. अर्थाने, कामाने, जन्माने ते एकमेकांचे कुणी नाहीत. शेतकरी गटाच्या व्हॉट्सॲपवर मला हे चार ओळींत, सगळ्यांना कळेल असं टाकायचंय. तेव्हा कोणता शब्द कुठून आला ते जाणकारांनी नीट सांगावं.

पिण्याच्या जिनचा विषय कुणीतरी काढणारच. काढा, पण शेवटी.

तापीकाठचा (भुसावळ)

शेवटी म्हणजे साधारण किती वाजता?

जिभाऊ (अमळनेर)

मना बाप जिनमा कामले व्हता, त्यामुळे हा धागा आपल्या हक्काचा.

पारावरच्या मंडळींना सांगा, जिनमध्ये काही भरत नाहीत, काढतात. कापूस म्हणजे रुई आणि सरकी. ती वेगळी करायची, एवढंच जिनचं काम. आपल्याकडे बहुतेक डबल रोलर जिन. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रूळ फिरत असतात, त्यांचं अंग खरखरीत. रुईचे तंतू त्याला धरून रुळासोबत ओढले जातात. रुळाला टेकून एक पातं पक्कं बसवलेलं असतं. त्याच्या फटीतून तंतू जातो, सरकी अडते. मध्ये दुसरं पातं सारखं हलत असतं, ते अडलेल्या सरकीला ठोसे देतं आणि सरकी जाळीतून खाली पडते. पुढे रुई प्रेसमध्ये जाऊन तिची १७० किलोची गठाण बांधतात, सरकी तेलाला जाते. तेल काढून उरते ती ढेप, म्हशीच्या वाट्याची.

एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते. यालाच उतारा म्हणतात. व्यापारी तुमच्या तोंडाकडे बघून भाव सांगतो असं वाटतं ना? तो मुठीत कापूस धरून उतारा बघत असतो. सरकी जड भरली, की त्याचं तोंड पडलं.

आणि असल्या जिनमधून निघालेली सरकी हल्ली पेरायला कुणी नेत नाही. पेरायचं बियाणं संकरित, ते वेगळ्या प्लॉटवर तयार होतं. कपाशीचा पहिला संकरित वाण, एच-४, १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून आला. त्याआधी म्हातारी माणसं घरचीच सरकी शेणात घोळून पेरायची.

मोगरा (जळगाव)

शेणात का घोळायची?

जिभाऊ (अमळनेर)

सरकीवर बारीक लव राहते, बिया एकमेकींना चिकटतात. शेणामातीत घोळून वाळवली की सुटी होते, पाभरीच्या चाड्यातून नीट पडते.

शब्दकिडा (पाचोरा)

चला, आपलं पीक आलं.

१) कापसाची जिन म्हणजे आपलं 'इंजिन'च, फक्त डोकं उडालेलं. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत गेला आणि तिथे बोलता बोलता त्याचं पहिलं अक्षर गळालं. तेव्हा त्याचा अर्थ होता युक्ती, कावा. मग युक्तीने बनवलेली वस्तू: सापळा, फास, ओझं उचलायचं यंत्र. जनावराचा पाय धरणाऱ्या सापळ्याला इंग्रजीत अजूनही जिन म्हणतात. फ्रेंचच्याही मागे गेलं तर लॅटिन 'इंगेनियम', म्हणजे माणसाची उपजत बुद्धी. इंजिनिअरही त्याच घरातला.

२) बियाण्यातलं जीन वयाने फारच लहान. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन या शास्त्रज्ञाने हा शब्द घडवला. त्यामागे ग्रीक 'गेनोस' आहे, वंश किंवा कूळ.

३) पिण्याची जिन डच 'येनेव्हर'वरून. ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांनी तिला वास येतो, त्या झुडपाचं लॅटिन नाव युनिपेरस. इंग्रजांनी डच शब्द ऐकून त्याचं 'जिनिव्हा' केलं, पुढे तेही तोडून जिन केलं. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाचा यात काही हात नाही.

आता मुद्द्याचं. 'इंगेनियम' आणि 'गेनोस' या दोन्हींच्या पोटात एकच धातू आहे, अर्थ 'जन्म देणे'. संस्कृतातला जन् तोच. जन्म, जनक, प्रजा, जात, सगळे त्याचेच. म्हणजे पांढरंसोनं, तुमची जिन आणि तुमचं जीन ही दूरची का होईना, भावंडं आहेत. परकी आहे ती बाटलीतली.

तापीकाठचा (भुसावळ)

बाटलीतली परकी? शब्द मागे घ्या.

पांढरंसोनं (चोपडा)

शब्दकिडा, माहितीबद्दल आभार, पण हे ओढूनताणून आणलेलं नातं आहे. इतक्या हजारो वर्षांपूर्वीचा धातू काढायचा म्हटला तर मी आणि बियाणं कंपनीचा मालकही भाऊच निघू. उद्या गेलो त्याच्याकडे, तर पाकीट फुकट देईल का?

अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. जिन म्हटलं की माझ्यासमोर ट्रॅक्टरची रांग उभी राहते. जीन म्हटलं की बोंडअळी. यात कुठे आला जन्म आणि कुठे आला जनक?

शब्दकिडा (पाचोरा)

अर्थ वेगळे आहेत यावर वाद कुणाचा आहे? तुम्ही वर लिहिलंत "जन्माने कुणी नाहीत", मी फक्त जन्मदाखला दाखवला.

बुद्धीपासून यंत्रापर्यंतचा प्रवास तुम्हाला ओढूनताणून वाटतो, तर आपल्या 'कळ' या शब्दाकडे बघा. मूळ कला. त्यावरून युक्ती, त्यावरून यंत्राची किल्ली. आपण बटणाची कळ दाबतो आणि कुणाची तरी कळ फिरवून भांडणही लावतो. लॅटिन माणसाने वेगळं काय केलं?

खापरावरचीपोळी (धुळे)

कळ दाबून भांडण लावायचं काम इथे पांढरंसोनंने केलंय. मी नुसती बसून वाचतेय.

सातपुड्याच्यापायथ्याशी (शहादा)

तुम्ही सगळे पूर्वेकडचे कापूसवाले. आमच्याकडे जीन म्हटलं की आधी घोडा आठवतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तिथे पाल टाकून बसलेल्या दुकानदाराला "जीन दाखवा" म्हणा, तो चामड्याचं खोगीर पुढे करेल. हा शब्द फारसी, 'झीन'. जिनगर लोक मूळचे हीच जीनं बनवणारे. चौथा जिन, यादीत घ्या.

आणि बाजाराला यायचं असेल तर आधी पायात काय आहे ते बघून या. तापीच्या पात्राजवळ चिखल असतो.

मोगरा (जळगाव)

पाचवी माझ्याकडून. आपण घालतो ती जीन्स! इटलीतल्या जेनोआ शहराला फ्रेंच लोक 'झेन' म्हणतात, तिथल्या जाड सुती कापडाला ते नाव पडलं. डेनिम म्हणजे फ्रान्सच्या नीम शहरातलं, 'द नीम'. तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना १८७३ मध्ये मिळालं. आणि सगळ्यात भारी 'डंगरी'. ते नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलंय! तिथे विकलं जाणारं जाडंभरडं कापड खलाशी नेत, कापडासोबत नावही गेलं.

माझे आजोबा 'जीनची पँट' म्हणायचे तेव्हा मी हसायचे. त्यांच्या डोळ्यासमोर शिंप्याकडे शिवलेली खाकी असायची, माझ्या डोळ्यासमोर फाटक्या गुडघ्याची.

नानाभाऊ (चाळीसगाव)

मग दिव्यातून निघतो तो राहिला की. जिन्न.

आमच्याकडे बंद पडलेल्या एका जुन्या जिनच्या आवारात रात्री जिन्न फिरतो असं लहानपणी सांगायचे. जिनमध्ये जिन्न, आणि राखणदार जिन पिऊन. (हलके घ्या.)

शब्दकिडा (पाचोरा)

नानाभाऊ, तुम्ही विनोद केलात, पण यात मोठा घोळ आहे. जिन्न अरबी, त्याचा धातू 'झाकणे, लपणे' या अर्थाचा. म्हणजे दिसत नाही तो. या सगळ्या गोतावळ्याशी त्याचा संबंध नाही. पण फ्रेंच लोकांनी अरबी गोष्टी आपल्या भाषेत आणल्या तेव्हा जिन्नसाठी त्यांना आयता 'जेनी' शब्द सापडला. तो लॅटिन 'जीनियस'वरून आलेला, अर्थ माणसाची पाठराखण करणारा देव. जीनियस पुन्हा त्याच 'जन्म देणे'वाल्या धातूचा. कानाला सारखं लागलं, अर्थही जवळचा, दिलं चिकटवून. म्हणजे इंग्रजीतला दिव्यातला 'जीनी' स्वभावाने अरबी आणि नावाने लॅटिन.

म्हणून म्हणते, कानावर विश्वास ठेवू नका. सारखं ऐकू येणारे बरेचदा परके असतात.

पांढरंसोनं (चोपडा)

हेच तर मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणतोय!!

शब्दकिडा (पाचोरा)

तुम्ही बरोबर नियम चुकीच्या जोडीला लावताय.

खापरावरचीपोळी (धुळे)

पॉपकॉर्न संपले, आता फुटाणे घेते.

आबा (रावेर)

मी केळीवाला, मला कापसातलं कळत नाही, पण एक विचारतो. ती जिन की तो जिन? आमच्याकडे काही जण "जिन बंद पडला" म्हणतात, काही "बंद पडली".

जिभाऊ (अमळनेर)

आमच्याकडे ती. फॅक्टरी म्हणून ती असावी. यंत्राबद्दल बोलताना कारागीर 'तो' म्हणायचे, "दोन नंबरचा जिन तापला". आता बहुतेक लोक सरळ 'जिनिंग' म्हणतात आणि त्यात स्त्रीलिंग ठरलेलं आहे.

सातपुड्याच्यापायथ्याशी (शहादा)

आमचं ते. ते जीन घोड्यावर टाकलं.

अजिंठ्याचावाटाड्या (फर्दापूर)

धागा उशिरा बघितला. फर्दापूर खानदेशात धरत नाहीत हे माहीत आहे, पण जळगाव स्टेशनवर उतरून लेणी बघायला येणाऱ्यांवर आमचं पोट आहे, तेव्हा बोलू द्या.

सगळे जिनला इंग्रजी समजून चाललेत. शब्द इंग्रजी आहे, काम आपलं जुनं आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत रूळ फिरवून सरकी काढणारी बाई अभ्यासकांनी ओळखली आहे. पाट्यासारखा सपाट दगड आणि त्यावर एक रूळ. पुढे दोन रुळांची हाताने फिरवायची चरखी आली, ती तर घरोघरी होती. तिच्यात एका बाजूने कापूस द्यायचा, दुसऱ्या बाजूला रुई. जिभाऊंनी वर सांगितलेला डबल रोलर तत्त्वाने तिच्याच वळणावर जातो.

अमेरिकेत एली व्हिटनीला १७९४ मध्ये पेटंट मिळालं ते वेगळ्या प्रकाराचं. तिकडच्या कपाशीची रुई आखूड आणि सरकीला घट्ट चिकटलेली, रुळाला दाद देईना. त्याने दाते लावले. जाळीच्या फटीतून दाते आत जाऊन रुई ओढून आणतात, सरकी मागे. लोकांनी यंत्राची नक्कल केली आणि व्हिटनीला त्यातून फार पैसा मिळाला नाही. पण त्या एका यंत्राने कापूस परवडायला लागला, लागवड वाढली आणि वेचायला गुलाम हवे म्हणून गुलामगिरीही वाढली. तिथे १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. कष्ट वाचवणाऱ्या यंत्राने कुणाचे कष्ट वाचवले, हा प्रश्न मी पर्यटकांना विचारतो. अमेरिकन पर्यटक असले तर जरा बघून विचारतो.

जिभाऊ (अमळनेर)

आणि तिथूनच गोष्ट आपल्या दारात येते. १८६१ ते ६५ तिकडे यादवी युद्ध, कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी. मग खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. जळगाव तोवर काही मोठं गाव नव्हतं, कापसाच्या बाजाराने ते वाढलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण बाजार टिकला. पुढे जिनप्रेस आल्या, जळगावला खानदेश मिल, आमच्या अमळनेरला प्रताप मिल. आज दोन्ही ठिकाणी भोंगा नाही.

तापीकाठचा (भुसावळ)

अमेरिकेत गोळी सुटली की जयगावात भाव वाढतो, हे तेव्हापासूनचं आहे तर. आता न्यूयॉर्कचा वायदा पडला की आमच्या दारातला खेडा खरेदीवाला दुपारीच भाव पाडतो. त्याच्याकडे स्मार्टफोन पण नाही, त्याला कळतं कसं?

नानाभाऊ (चाळीसगाव)

जिन्न सांगतो.

कृषीपदवीधर (शिरपूर)

बीटीबद्दल कुणी नीट लिहिलंच नाही म्हणून लिहितोय.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सापडणारा जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या किड्यांवर रोग पडला तेव्हा तो पहिल्यांदा लक्षात आला. १९११ मध्ये जर्मनीत तो पुन्हा सापडला, १९१५ मध्ये त्याचं रीतसर वर्णन झालं आणि तिथल्या थुरिंजिया प्रांताचं नाव त्याला मिळालं. म्हणजे आपल्या पाकिटावरचा 'टी' हे एका जर्मन प्रांताचं नाव आहे. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो, ते बोंडअळीच्या आतड्याला छिद्रं पाडतं. ते प्रथिन बनवण्याची सूचना ज्या तुकड्यात लिहिलेली आहे, तो तुकडा म्हणजे जीन. प्रयोगशाळेत तो कपाशीच्या पेशीत घालतात, त्या पेशीपासून रोप वाढवतात. एकदा ते झालं की पुढे नेहमीसारखा संकर करून ते जीन वाणावाणांत नेता येतं. सरकीला इंजेक्शन देत नाहीत, पावडर चोळत नाहीत. पाकिटातल्या बीवर दिसतो तो रंग निव्वळ बीजप्रक्रियेचा.

भारतात बीटी कपाशीला परवानगी मार्च २००२ मध्ये मिळाली, एका जीनची. २००६ मध्ये दोन जीनची आली.

पारावरचा घोळ कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बायका फुलं संकरित करतात, तिथे जो कापूस निघतो तोही सरकी मोकळी करायला जिनमधूनच जातो. म्हणजे बीटीचं बियाणं जिनमधून बाहेर येतं हे कुणीतरी खरोखर बघितलेलं असणार. फक्त जीन त्याच्या कितीतरी आधी आत जाऊन बसलेलं असतं.

पांढरंसोनं (चोपडा)

हे फार कामाचं लिहिलंत भाऊ. ते म्हणणारे काका आमच्याच भावकीतले आहेत आणि ते एका बीजोत्पादन प्लॉटवर मुकादम होते. आता कळलं. त्यांना वेड्यात काढायला नको, उलट त्यांनाच प्लॉटवरचं सगळं सांगायला लावतो.

मोगरा (जळगाव)

पण मुळात 'जनुक' हा मराठी शब्द असताना जीन लिहायचंच कशाला? शाळेत जनुकच शिकलो. जिन म्हणजे कारखाना, जनुक म्हणजे बियाण्यातलं. वाद खलास.

पांढरंसोनं (चोपडा)

जनुक म्हटलं की आमचे लोक विचारतील, कोणत्या कंपनीचं? नको. जो शब्द दुकानदार बोलतो, पाकिटावर असतो, तोच समजावून सांगावा लागतो. पुस्तकी शब्द दिला की माणूस मान हलवतो आणि घरी जाऊन जीनच म्हणतो.

शब्दकिडा (पाचोरा)

इथे मी पांढरंसोनंच्या बाजूने. फक्त एवढं बघा, जनुक बनवणाऱ्याने जन् धातूच घेतला. त्याने अर्थाचं भाषांतर केलं आणि आवाजही जवळपास तोच ठेवला. असली संधी क्वचित मिळते.

आबा (रावेर)

आमच्या टिश्यू कल्चर केळीत पण जीन घालतात का?

कृषीपदवीधर (शिरपूर)

नाही आबा. टिश्यू कल्चर म्हणजे चांगल्या झाडाचा कोंबाचा भाग घेऊन प्रयोगशाळेत त्याची हुबेहूब रोपं वाढवणं. बाहेरचं जीन काही नाही. आई तीच, रोपं हजारो.

आबा (रावेर)

म्हणजे जी नाईन या केळीच्या जातीतला जी म्हणजे जीन नाही.

कृषीपदवीधर (शिरपूर)

नाही, ते ग्रँड नैन. फ्रेंच नाव आहे. नैनचं नाईन झालं आणि नाईनचा ९ झाला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मोठी बुटकी'.

तापीकाठचा (भुसावळ)

मोठी बुटकी!! आयुष्यभर ९ नंबरची जात समजत होतो.

खापरावरचीपोळी (धुळे)

या धाग्यात बाटलीतली जिन वगळता सगळं आलं.

डॉक्टरकाका (नंदुरबार)

ती मी आणतो. मलेरियावर क्विनीन देत, ते भयंकर कडू. ब्रिटिश लोक इथे ते सोडा-साखरेत मिसळून पीत, त्यालाच टॉनिक वॉटर म्हणत, आणि कडवटपणा मारायला त्यात जिन टाकत. आजच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन इतकं थोडं असतं, की त्यावर मलेरिया जाईल असं समजून कुणी ग्लास भरू नये. सातपुड्याच्या भागात ताप आला तर रक्त तपासा. हे मुद्दाम लिहितो, कारण "औषध म्हणून घेतो" असं सांगणारे पेशंट मला आजही भेटतात.

तापीकाठचा (भुसावळ)

काका, तुम्ही दारातच अडवलंत.

सरकीढेप (बोदवड)

अवांतर: इथे सगळे जिनचा इतिहास सांगताय, वर्तमान कुणी सांगेल का? गेल्या हंगामात एका जिनिंगवर कापूस घेऊन गेलो. वजन झालं, भाव ठरला, गाडी खाली करताना म्हणे ओलावा जास्त आहे, भावात तूट घ्या. मोजायचं यंत्र दाखवा म्हटलं तर ते "रिपेरला दिलंय". अर्धी गाडी खाली झालेली, परत भरायला मजूर कुठून आणू? मुकाट्याने घेतली.

जिभाऊ (अमळनेर)

नेहमीचा डाव. जिनचा जुना अर्थ सापळा, असं शब्दकिडाताईंनी वर लिहिलंच आहे. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत कपात, त्यावर घेत नाहीत. खासगीवाल्याला तो नियम लागू नाही, पण मोजमाप मागायचा हक्क आहेच. गाडी खाली करण्याआधी ओलावा मोजून चिठ्ठीवर लिहून घ्यायचा, मग दोर सोडायचा. आणि पहाटे दवात वेचलेला कापूस त्याच दिवशी नेऊ नका, एक ऊन दाखवा.

सरकीढेप (बोदवड)

ऊन दाखवलं की वजन घटतं, ते पण बघायला पाहिजे ना. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता. तो कागदावर. खेड्यात दारात येणाऱ्याचा भाव विचारू नका.

पांढरंसोनं (चोपडा)

ओलाव्याचा वेगळा धागा काढा, तिथे मीही लिहीन. इथे आता माझा मजकूर बघा. उद्या सकाळी गटात टाकतोय:

"राम राम मंडळी. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र, आणि ते जिथे असतं तो कारखाना. इंजिन या शब्दाचं ते तोकडं रूप. जीन म्हणजे प्रत्येक जिवात असणारी, आईबापाकडून लेकरात जाणारी सूचना. रंग, उंची, रोगाला तोंड देणं हे त्यावर ठरतं. बीटी कपाशीत एका जिवाणूचं जीन प्रयोगशाळेत घातलेलं आहे, म्हणून तिचं पान-बोंड खाल्लं की अळी मरते. जिनमध्ये जीन भरत नाहीत. प्लॉटवर बियाणं कसं होतं ते काका पारावर सांगतील, शनिवारी या."

भावंडं आहेत की नाहीत ते मी यात घेतलेलं नाही. शब्दकिडाताईंनी रागावू नये.

शब्दकिडा (पाचोरा)

रागवत नाही. मजकूर सरळ आहे, ऱ्हस्वदीर्घ पाळलंत, तेवढ्यावर खूश. भावंडांचं पुढच्या वेळी.

कृषीपदवीधर (शिरपूर)

एक दुरुस्ती करा. "अळी मरते" एवढंच लिहिलंत तर लोक फवारणी आणि पाहणी सोडून देतील. गुलाबी बोंडअळीला आता दोन्ही जीन पचतात. २०१७ ला तिने महाराष्ट्रभर कपाशीचं केवढं नुकसान केलं ते आठवा. सुरुवातीला पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची छोटी पुडी मिळायची, ती शेताच्या कडेने लावायची असायची, म्हणजे तिथे जगलेल्या साध्या अळ्यांमुळे प्रतिकार लवकर तयार झाला नसता. आपण ती पुडी बांधावर फेकून दिली किंवा लावलीच नाही. तर असं लिहा: "बीटीमुळे हिरवी बोंडअळी आटोक्यात राहते, गुलाबीवर भरवसा नाही. कामगंध सापळे लावा, फुलं लागली की डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) तोडून नष्ट करा, आणि डिसेंबरनंतर फरदड (जुन्याच झाडांवरचं उशिराचं पीक) घेऊ नका."

पांढरंसोनं (चोपडा)

घेतलं. फरदडीवरून गटात भांडण होणार ते वेगळं, निम्मे लोक त्यावरच उन्हाळा काढतात.